ऋषीचे कूळ पुसू नये, हिऱ्याचे पुसावे

उद्या आश्विन वद्य त्रयोदशी. सकाळी धन्वंतरीचे स्मरण, धने-गुळाचा नैवेद्य, दिवेलागणीस दक्षिणेकडे वात करून ठेवलेला यमदीप, आणि या दोहोंच्या मध्ये सराफ बाजाराची एक फेरी, असा नाशिकच्या गृहस्थाश्रमी मंडळींचा धनत्रयोदशीचा क्रम आम्ही बालपणापासून पाहत आलो. गोदेला महापूर आला की ज्या बाजारात पाणी शिरते, त्याच बाजारात या दिवशी माणसांचा पूर लोटतो. पूर्वी त्या फेरीतून घरी यायचा तो चांदीचा शिक्का, फार तर मुलीच्या लग्नासाठी साठवायचे गुंज-दोन गुंज सोने. हिरा दिसायचा तो वाड्यातल्या एखाद्या थोरल्या काकूंच्या चमकीत किंवा कुड्यांत, आणि तोही आम्हां मुलांना दुरून. आता दिवस पालटले. नोकरदाराच्या घरीही हिऱ्याची अंगठी हप्त्याने येते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ऐपत वाढली, घरची लेक-सून नटली, तर कीर्तनकाराने नाक मुरडण्याचे कारण काय? मात्र लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी लागते हे आम्हांस ठाऊक आहे. हिरा लागतो असे काही आमच्या वाचनात आलेले नाही.

हा विषय आज या पानावर काढण्यास निमित्त झाले ते गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाचे. आमच्या एका जुन्या यजमानांच्या नातीचे लग्न ठरले. घर श्रद्धाळू, दर वर्षी आमचे कीर्तन ठेवणारे. आजोबांची इच्छा, नातीच्या मंगळसूत्राच्या पदकात हिरे असावेत. नात म्हणे, हिरा कोठून आला, कोणाच्या हातून आला, हे कळल्यावाचून मी तो गळ्यात घालणार नाही. आजोबांनी आम्हांस बोलावणे धाडले. "बुवा, तुम्ही दोन शब्द सांगा. मंगलकार्यात असले प्रश्न काढू नयेत." आम्हीही कीर्तनकाराच्या सवयीने लगेच म्हण पुढे केली, की बाळ, ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ पुसू नये. ती शांतपणे म्हणाली, "पण बुवा, नदीचं मूळ बघायला आपण ब्रह्मगिरी चढतोच ना?"

आम्ही निरुत्तर झालो. या ब्रह्मगिरीवर आम्ही स्वतः किती वेळा चढलो, याची गणती नाही.

त्र्यंबकराजाचा हिरा

वास्तविक हिऱ्याचे कूळ पुसण्याचा पहिला अधिकार नाशिककरांचा. जगाच्या रत्नशास्त्रात आपल्या गावाच्या नावाचा एक हिरा प्रसिद्ध आहे. इंग्रजांनी नाशिकचे 'नासक' केले, म्हणून तो 'नासक हिरा'. किंचित निळसर झाक असलेला हा खडा गोवळकोंड्याच्या मुलखातील खाणींतून निघाला असे जाणकार मानतात, आणि तो त्र्यंबकेश्वराच्या चरणी होता अशी परंपरा आहे. आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधावयास घेतले. आजही दर सोमवारी तिसऱ्या प्रहरानंतर देवाचा रत्नजडित मुकुट भाविकांस पाहावयास मिळतो. तो पाहताना जुन्या मंडळींच्या तोंडी हटकून त्या गेलेल्या हिऱ्याचा विषय निघतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावांचे जडजवाहीर इंग्रजांच्या हाती पडले, त्यात हा हिराही ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यामार्फत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्याकडे गेला आणि तेथून विलायतेस. दक्षिणेतील लूट म्हणून तो तेथे विक्रीस निघाला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो तीन हजार पौंडांस घेतला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. हिंदुस्थानी कारागिराची रीत वजन राखण्याची. पाश्चात्त्यांस झगमगाट हवा. म्हणून पेढीने तो पुन्हा घासला, तेव्हा सुमारे ८० कॅरट उरला. १८३७ साली तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला आणि आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसविला. शंकराच्या मंदिरातील रत्न एका सरदाराच्या तलवारीच्या मुठीत! पुढे १९२७ साली तो पॅरिसच्या जवाहिऱ्याकडे गेला. मग अमेरिकेत नेल्यावर, ही पुरातन कलावस्तू आहे, जकात माफ करा, असा दावा झाला. १९३० साली वरच्या न्यायालयाने तो फेटाळला. ज्याच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले गेले, त्याची किंमत तेथे जकातीच्या कारकुनाने ठरविली. १९४० साली न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये घेऊन पुन्हा कापविला, आणि आता त्याचे वजन ४३.३८ कॅरट आहे, म्हणजे पुरते नऊ ग्रॅमही नाही. १९७० साली न्यूयॉर्कला लिलावात तो पाच लाख डॉलरांस गेला. १९७७ साली लेबननच्या मुआवाद या जवाहिऱ्यांकडे. त्र्यंबकराजाचे निम्म्याहून अधिक रत्न परदेशातील सहाणेवर भुकटी होऊन गेले!

हे आख्यान आम्ही कित्येक वर्षे श्रावणी सोमवारी उत्तररंगाला लावीत आलो. पूर्वरंगात अपरिग्रह, उत्तररंगात नासक हिरा. तलवारीच्या मुठीचे वर्णन आले की श्रोत्यांचे डोळे लाल होत आणि कीर्तन रंगे. हे सांगताना आम्हांस थोडी शरम वाटते, पण रंगे हे खरे.

एका वर्षी त्र्यंबकच्या वाटेवरील एका गावी कीर्तन झाले. आरतीनंतर एक वृद्ध बाई पाया पडावयास आल्या. सारा जन्म द्राक्षबागेत मजुरी केलेली, हातांना घट्टे. त्या म्हणाल्या, "बुवा, समदं सांगितलं. चोरला कोनी, ईकला कोनी, कापला कोनी. पन त्यो खडा भुईतून काढला कोनी, ते न्हाई सांगितलं." आम्ही हसून वेळ मारून नेली. सोबतच्या टाळकऱ्यास म्हणालोही, की बाईंना कथेचा गाभा समजला नाही. गाभा कोणास समजला नव्हता, हे उमजावयास आम्हांस यजमानांची नात भेटावी लागली.

घरी येऊन आम्ही ताव्हर्नियेचा वृत्तान्त काढला. हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला आणि गोवळकोंड्याच्या व विजापूरच्या मुलखातील खाणी त्याने डोळ्यांनी पाहिल्या. आपला हिरा निघाला त्या दिवसाची ती नोंद नव्हे. परंतु मुलूख तोच, रीतही तीच असावी. कृष्णाकाठच्या कोल्लूर येथे साठ हजारांच्या आसपास माणसे राबत असल्याचे तो लिहितो. पुरुष खणीत, बायका-मुले माती वाहून नेत. ती माती पाण्यात कालवून, उन्हात वाळवून, धान्यासारखी पाखडून तिच्यातील खडे वेचीत. आणि मजुरी? विजापूरकडील खाणीत, काम उत्तम जाणणाऱ्या माणसासही वर्षाला तीन होन. पोट भरत नाही म्हणून खडा गिळून चोरण्याचा मोह. आणि म्हणून पन्नास मजुरांवर बारा-पंधरा पहारेकरी. तीन होन! ज्या खड्यासाठी विलायतेत हजारो पौंड मोजले गेले, तसा खडा वेचणाऱ्या हाताला वर्षाचे तीन होन. इंग्रजाने देवाचा हिरा लुटला हे सत्यच, त्यातील एक अक्षरही आम्ही मागे घेत नाही. पण तो मंदिरात येण्यापूर्वीही कोणाचे तरी काही लुटले गेले होते, हे मात्र आमच्या कीर्तनात कधी आले नाही.

शास्त्र काय म्हणते?

आजोबांनी शास्त्र विचारले होते, म्हणून शास्त्राकडे वळू. आपल्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत हिऱ्याचा आकर, म्हणजे उगमस्थान, पाहणे हा परीक्षेचाच भाग आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगताना हिऱ्यांचे प्रदेश नावानिशी दिले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर कोसल, सौराष्ट्र, शूर्पारक, कलिंग अशी ठिकाणे सांगून कोठला हिरा कोणत्या छटेचा याची नोंद आहे. शूर्पारक म्हणजे आपल्या कोकणपट्टीतील सोपारे. (आमच्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात मात्र हिरा होत नाही, स्फटिक आणि गारगोट्या उदंड होतात. सिन्नरजवळचे 'गारगोटी' संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे.) तेव्हा हिऱ्याचे गाव विचारणे हे आजच्या मुलींचे खूळ नव्हे. प्राचीनांनी ते दर्जासाठी विचारले, एवढाच भेद.

आणि हात कोणाचे, हेही धर्मशास्त्राने विचारले आहे. ते रत्नाच्या प्रकरणात नाही, धनाच्या प्रकरणात आहे. विष्णुस्मृतीत आणि नारदस्मृतीत धनाचे तीन रंग सांगितले आहेत : शुक्ल, शबल आणि कृष्ण. म्हणजे शुभ्र, ठिपकेदार आणि काळे. काळ्या धनात काय काय गणले आहे ते पाहण्यासारखे आहे. चोरी आणि द्यूत तर आहेच. परंतु दुसऱ्यास पीडा देऊन मिळविलेले, बळजोरीने मिळविलेले, कपटाने मिळविलेले, आणि 'प्रतिरूपक' म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल खपवून मिळविलेले, हे सारे त्याच रांगेत बसविले आहे. पुढे असेही सांगितले आहे की ज्या रंगाच्या धनाने कर्म करावे त्याच रंगाचे फळ पदरी पडते. 'काळा पैसा' हा शब्द आपण वर्तमानपत्रांतून शिकलो असे समजतो; तो स्मृतिकारांचा आहे.

स्यमंतक मण्याचे आख्यान गणेशचतुर्थीच्या निमित्ताने घरोघरी ठाऊक असते, पण आपण त्यातून चंद्रदर्शनाचा दोष तेवढा उचलतो. भागवतातील कथा पाहा. मणी गळ्यात घालून प्रसेन शिकारीस गेला, त्यास सिंहाने मारले, सिंहास जांबवंताने. श्रीकृष्णावर आळ आला. आळ दूर करून त्याने मणी सत्राजितास परत दिला. सत्राजिताने पश्चात्तापाने कन्या सत्यभामा आणि मणी दोन्ही देऊ केले, तेव्हा भगवंतांनी कन्या स्वीकारली आणि मणी नको म्हटले. तरी मण्याने पाठ सोडली नाही. शतधन्व्याने सत्राजितास झोपेत ठार केले. एका खड्याभोवती एवढे रक्त सांडले.

आजच्या खाणी

आता आजची गोष्ट. गेल्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील अंगोला, काँगो, सिएरा लिओन या देशांत यादवी माजली आणि बंडखोरांनी हिऱ्यांच्या खाणी बळकावून त्या पैशावर शस्त्रे घेतली. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ युद्ध चालले. तेथील बंडखोरांनी निरपराध लोकांचे, लेकराबाळांचेही, हात तोडले. त्या खाणींतील खडे पैलू पडून जगभर विकले गेले. त्यांस लोक 'रक्ताळलेले हिरे' म्हणू लागले.

यावर तोड काढण्यासाठी २००० साली दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या गावी राष्ट्रे जमली आणि १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया नावाची व्यवस्था सुरू झाली. भारत तीत आरंभापासून आहे. कच्चा हिरा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना तो मोहरबंद पेटीतून, सरकारी दाखल्यासह गेला पाहिजे. व्यवस्था चांगली, उपयोगही झाला. पण यजमानांच्या नातीने आम्हांस तिच्यातील दोन उणिवा समजावून दिल्या, आणि पुढे आम्ही जाणकारांस विचारून पडताळूनही पाहिल्या. पहिली अशी, की तो दाखला कच्च्या हिऱ्यांच्या पेटीचा असतो. खड्याला पैलू पडले की दाखला मागे राहतो. दुसरी उणीव अधिक गंभीर. बंडखोरांनी सरकारविरुद्ध वापरलेला हिरा तेवढा निषिद्ध. सरकारच्याच शिपायांनी मजूर मारले, किंवा लहान मुलास खाणीत उतरविले, तर तो हिरा त्या व्याख्येत येत नाही. २००८ साली झिंबाब्वेतील मारांगे येथे लष्कराने गरीब खोदणाऱ्यांची कत्तल केली. तरी २०११ साली तेथील निर्यातीस मान्यता मिळाली, आणि ज्या ग्लोबल विटनेस संस्थेने रक्ताळलेल्या हिऱ्यांचा प्रश्न प्रथम वेशीवर टांगणाऱ्यांत भाग घेतला होता, ती त्याच वर्षी या व्यवस्थेतून बाहेर पडली.

म्हणून सगळाच हिरा काळा म्हणावा काय? तसे म्हणणेही अन्याय होईल. बोट्स्वाना हा देश १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत दरिद्री होता. पुढच्याच वर्षी तेथे हिरे सापडले. सरकारने खाणीत बरोबरीची भागी राखली आणि त्या उत्पन्नातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे केले. आपल्याकडे मध्य प्रदेशात पन्ना येथे सरकारी खाण आहे. तेथेच लहानसा तुकडा पट्ट्याने घेऊन खोदणाऱ्या एखाद्या मजुरास खडा सापडला, तर तो सरकारी हिरे कार्यालयात जमा होतो, लिलाव होतो आणि स्वामित्वधन वजा जाता पैसे त्या मजुराच्या हाती येतात. कोल्लूरच्या तीन होनांशी हे ताडून पाहावे. आणि सुरतेस विसरून चालणार नाही. संख्येने पाहता जगातील बहुतांश हिऱ्यांस पैलू आपल्या देशात, मुख्यतः सुरतेत पडतात. अलीकडच्या मंदीत तेथील कितीतरी कारागीर कामावाचून घरी बसले. त्यांच्या चुली हिऱ्यावरच पेटतात. 'हिराच नको' असे म्हणणाऱ्याने त्यांच्याकडेही पाहावे.

आता प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्याविषयी. अनेक माता-भगिनी आम्हांस विचारतात, हा हिरा खोटा काय? मिथेनसारखा वायू तापवून त्यातील कार्बनचे थर बीजावर चढवितात, किंवा प्रचंड दाब व उष्णता देऊन घडवितात. काही आठवड्यांत खडा तयार होतो. द्रव्य तेच, काठिण्य तेच, चमकही तीच. किंमत मात्र फारच थोडी. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस असाच साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला. आमच्या अल्पमतीस असे वाटते की घडविलेला म्हणून सांगून विकला तर तो खोटा नव्हे. खाणीतला म्हणून विकला तर तोच 'प्रतिरूपक'. त्यासही वीज भरपूर लागते आणि ती पुष्कळदा कोळशाचीच असते, हेही लक्षात असावे. अशा हिऱ्याने शुक्र प्रसन्न होतो की नाही, हे आम्हांस विचारू नये. ते ज्योतिषीबुवांचे क्षेत्र.

असो. अखेर आम्ही, आजोबा आणि नात असे तिघे सराफ बाजारात गेलो. पहिल्या पेढीवर नातीने विचारले, तेव्हा समोरचा मुलगा म्हणाला, "ताई, हॉलमार्क आहे ना." तिने त्यास सांगितले, तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा, हिऱ्याचे त्यात काही नाही. मग तो प्रयोगशाळेचा कागद दाखवू लागला. त्यात वजन, रंग, स्वच्छता, घाट, सारे होते. खडा नैसर्गिक की घडविलेला हेही होते. खाण कोठली, ते नव्हते. दुसऱ्या पेढीचे वृद्ध मालक स्वतः पुढे आले. म्हणाले, "मी खाणीपर्यंत नेऊ शकत नाही, खोटं कशाला बोलू? पण ज्या व्यापाऱ्याकडून घेतो त्याच्या बिलावर, माल वैध मार्गाचा, युद्धाला पैसा पुरविणारा नाही, अशी लेखी हमी असते. ती तुम्हांला दाखवतो, आणि माझ्या बिलावर तीच ओळ लिहून देतो. बोट्स्वानाचाच हवा असेल तर तसा कागद असलेला खडा मागवावा लागेल, महिना लागेल, थोडा महाग पडेल." आम्हांस त्या गृहस्थांचा 'नेऊ शकत नाही' हा शब्द फार आवडला.

आम्ही बोटातली अंगठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. तीस वर्षांपूर्वी एका उत्सवात एका धनिकाने आमच्या बोटात घातलेली. कीर्तनात हात उंचावला की दिव्याच्या उजेडात चमके, आणि ते आम्हांस आवडे. भिंगातून पाहून ते म्हणाले, "पाणी चांगलं आहे. घाट सुरतेचा. गाव मात्र सांगता यायचं नाही, बुवा." सिएरा लिओनचे युद्ध त्याच वर्षांतले. अंगठी आता देवघरातल्या डबीत आहे. विकावी, तर तो प्रश्न दुसऱ्याच्या बोटात जाणार. घालावी, तर हात उंचावताना त्या बाईंचे शब्द आठवतात. आमचा निर्णय अद्याप झालेला नाही.

नातीचा मात्र झाला. तिच्या पणजीच्या जुन्या कुड्या घरात होत्या, एक फिरकी तुटलेली, म्हणून कोणी घालीत नसे. त्यांतले खडे काढून पदकात बसवावेत, असे तिने सुचविले. घडणावळ आणि नवे कोंदण एवढाच खर्च आला. आजोबा थोडे हिरमुसले, कारण त्यांना नवे काही द्यावयाचे होते. मग त्यांनी जावयासाठी एका लहान खड्याची अंगठी महिनाभर थांबून, कागदासह मागविली. यंदाच्या श्रावणात आम्ही नासक हिऱ्याचे आख्यान पुन्हा लावले, तेव्हा कोल्लूरच्या मातीपासून आरंभ केला. कीर्तन पूर्वीइतके रंगले नाही. पुढच्या वर्षीही तेथूनच आरंभ करणार आहोत.